शहापुरातलं गिटार तपासणीचं दुकान: जुनी इलेक्ट्रिक घेण्याआधी इथं खोलून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातला कुणी जुनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायच्या विचारात असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. शहापुरात सराफ गल्लीच्या पलीकडं एक चिंचोळं दुकान आहे, बाहेर पाटी नाही, आत स्पीकरचे खोके आणि उघडे अ‍ॅम्प्लिफायर रचलेले, आणि तिथले काका जुनी गिटार विकत घेण्याआधी आपल्यासमोर खोलून तपासून देतात. नाव-नंबर टाकणार नाही कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, एकट्याचं काम आहे, गर्दी झेपत नाही. बेळगावात वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता सांगतील. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येतंय.

एवढं लांब लिहितोय कारण जुनी गिटार घेणं ही गोष्टच गेल्या पन्नास वर्षांत पार बदलून गेलीय आणि आपल्याकडं बरेच जण अजून जुन्याच हिशोबानं घ्यायला जातात. आता भाव सगळ्यांना माहीत असतो, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही, फोन काढला की कुठल्या सालचं कुठलं मॉडेल जगात कितीला गेलं ते दिसतं. पण समोरच्या गिटारीत मूळचं काय उरलंय आणि काय बदललंय ते फोनवर दिसत नाही, आणि माणसाचे पैसे जातात ते बरोबर तिथंच.

आधी जुनी म्हणजे फक्त सेकंडहँड होती. 1954 ला फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) आली तेव्हा ट्रेमोलोवाली, म्हणजे सूर हलवायचा दांडा असलेली, नवीकोरी 249.50 डॉलरला होती, आणि वापरलेली घेतली तर त्याहून स्वस्त, जशी कुठलीही वापरलेली वस्तू मिळते तशी. गिब्सन कंपनीची सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिकट रंगाची) लेस पॉल गिटार तर 1958 ते 1960 एवढीच निघाली, पंधराशेच्या आसपास, खपेना म्हणून 1961 ला कंपनीनं डिझाईनच बदलून टाकलं. मग 1966 च्या सुमारास एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवादकानं तीच न खपलेली लेस पॉल मार्शलच्या अ‍ॅम्पला लावून मोठ्या आवाजात वाजवली, ते ऐकून पोरं ती शोधत सुटली, आणि 1968 ला गिब्सनला लेस पॉल परत काढावी लागली. आज त्या जुन्या सनबर्स्टचा भाव दोन लाख डॉलरच्या वर आहे.

जुन्याचा भाव चढायचं दुसरं कारण 1965 चं. जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली गेली, त्यानंतर स्ट्रॅटचा हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) मोठा झाला, 1971 ला नेक, म्हणजे गिटारीची मान, चारच्या जागी तीन स्क्रूंवर आली, आणि वाजवणारे म्हणायला लागले की आधीच्या बऱ्या होत्या. गिब्सनसुद्धा 1969 ला नॉर्लिन कंपनीच्या हातात गेली आणि तिच्याबद्दलही हेच बोललं जाऊ लागलं. म्हणजे जुन्याला किंमत आली ती नव्यावरच्या नाराजीतून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक समजतात लाकूड मुरल्यामुळं भाव वाढला, लाकडाचा काही वाटा असेलही, पण बाजार उभा राहिला तो या नाराजीवर. 1970 ला जॉर्ज ग्रून यांनी नॅशव्हिलमध्ये जुन्या वाद्यांचं दुकान काढलं आणि असे जाणकार दुकानदार तयार होत गेले. तेव्हा गिटार शोधायची तर पेपरातली छोटी जाहिरात, गहाणवटीची दुकानं, नाहीतर अशा जाणकाराचा शब्द. ज्याच्याकडं माहिती त्याच्याकडं सौदा.

आपल्या बेळगावात त्या काळी काय होतं ते मी मामाकडून ऐकलंय, ऐंशीच्या दशकात तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा, गणपतीत आणि लग्नात. 1991 च्या आधी परदेशी गिटार सरळ दुकानात जाऊन आणणं सोपं नव्हतं, परमिटं आणि भरमसाट ड्युटी. बहुतेकांच्या हातात कलकत्त्याची गिव्हसन, आणि तीसुद्धा आहुजाच्या अ‍ॅम्पला लावलेली. परदेशी गिटार यायची ती गोव्यावरून, बोटीवर काम करणारे आणायचे, बँड मोडला की विकायचे, नाहीतर आखातातून सुट्टीला आलेला कुणी घेऊन यायचा. मॉडेल कुणी विचारत नव्हतं, साल तर नाहीच नाही. हेडस्टॉकवर नाव काय आणि पॉलिशला चमक किती यावर भाव ठरायचा, आणि चमकणारीला जास्त पैसे मिळतात म्हणून लोक जुन्या गिटारी सुताराकडून सरळ नव्यानं रंगवून घ्यायचे. मामाच्या ग्रुपमधल्या एकाची कसलीतरी साठच्या दशकातली जपानी गिटार अशीच चेरी लाल झाली होती. आज मूळ रंग गेला की निम्मी किंमत गेली असं धरतात. त्या माणसांना दोष नाही, त्यांना गिटार स्टेजवर वाजवायची होती आणि मंडळाच्या लाइटीत ती दिसायला पाहिजे होती.

नव्वदीत पुस्तकं आली, सीरियल नंबरांच्या याद्या आल्या, 1995 ला ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू झाली आणि त्याच वर्षी फेंडरच्या कस्टम शॉपनं रेलिक काढली, म्हणजे कारखान्यातूनच झिजवलेली, पोचे पाडलेली नवी गिटार. या दोन गोष्टी एकाच वर्षी याव्यात हे मला फार सूचक वाटतं. एकीकडं कोपऱ्यातल्या गावातली गिटार जगभर दिसायला लागली, आणि दुसरीकडं झीज ही विकत घ्यायची गोष्ट झाली. झीज बनवता येते म्हटल्यावर झीज बघून वय ओळखायचे दिवस संपले. पुढं गुंतवणूकवाले आले, भाव आभाळाला लागले, 2008 च्या मंदीत आपटले, परत चढले. 2013 ला रिव्हर्ब ही वाद्यं विकायची वेबसाइट सुरू झाली, तिथं कुठली गिटार कितीला विकली गेली ते कुणालाही बघता येतं आणि माझ्या मते जुन्या गिटारीच्या बाजाराला एवढं उघडं दुसऱ्या कशानंही केलं नाही. 2019 ला पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मूरची काळी स्ट्रॅट लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली, ती बातमी आपल्याकडच्या मराठी पेपर वाचणाऱ्यांपर्यंतही पोचली असेल, आणि मग लॉकडाऊन, घराघरात लोकांनी गिटारी हातात घेतल्या, फेंडरचं 2020 हे तोवरचं सगळ्यात मोठ्या विक्रीचं वर्ष ठरलं. त्यानंतर म्हापसा, मडगाव, बेळगाव कॅम्प, कुठंही कुणाच्या माळ्यावर जुनी गिटार निघाली की पहिल्यांदा फोनवर भाव बघितला जातो आणि जगातली सगळ्यात महागडी जी दिसली ती किंमत सांगितली जाते.

म्हणून हे दुकान.

काकांचा मूळ धंदा अ‍ॅम्प्लिफायर आणि बँजोचा. आपल्याकडं बँजो पार्ट्या किती आहेत ते सांगायला नको, त्या बँजोंचे पिकअप (तारेचा आवाज पकडणारी कॉइल) गुंडाळून देणं, वायरिंग करणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, गणपतीच्या आधी महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मिरजेच्या सतारमेकरांकडं त्यांचं जाणं-येणं आहे, हाडाचा नट (तारा ज्यावरून खुंट्यांकडं जातात ती पट्टी) घासायला तिथूनच शिकले असं म्हणतात, आणि तो नट खरंच बघण्यासारखा असतो, तार कुठं अडकत नाही, कुठं झणझणत नाही. इलेक्ट्रिक गिटारीचं ज्ञान मात्र त्यांनी स्वतः उघडून उघडून मिळवलंय. एका वहीत आजवर आलेल्या गिटारींच्या आतल्या खुणा उतरवून ठेवल्यात, बाजूला पेन्सिलनं काढलेली चित्रं. ती वही मागितली तर दाखवतात.

तपासणी कशी करतात ते नीट सांगतो कारण यातलं निम्मं तुम्हाला घरीही करता येईल.

पहिल्यांदा गिटार हातात घेऊन वाजवतच नाहीत. मी एकदा कॉर्ड लावून दाखवायला लागलो तर म्हणाले, "वाजवून कशाला दाखवूलायस? आधी खोलूया, मग बोलूया." तारा सैल करतात, नेकचे स्क्रू काढतात, नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, बघतात. अमेरिकन फेंडर असेल तर 1962 पासून तिथं तारखेचा शिक्का असतो, त्याच्या आधी पेन्सिलनं लिहिलेलं. मग पिकगार्ड (बॉडीवरचं पुढचं झाकण) उचलून आत. व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या (बटणाखालच्या पोटेन्शियोमीटरच्या) पाठीवर आकडे असतात, पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल, पुढचे दोन साल आणि शेवटचे दोन आठवडा. 1377633 असेल तर सीटीएसचा, 1976 चा तेहतिसावा आठवडा. यावरून गिटार त्याच्यापेक्षा जुनी नाही एवढंच कळतं, नेमकं साल कळत नाही, हे काका प्रत्येकाला बजावून सांगतात, कारण पॉट पडून राहतात. फेंडरनं 1966 ला पॉटांचा एवढा साठा घेतला होता की साठचं दशक संपेपर्यंत तेच गिटारीत लागत होते. आणि पॉट बदललेला असला तर आकडा काहीच सांगत नाही. म्हणून ते सोल्डर बघतात, सराफाचं भिंग डोळ्याला लावून. जुनं सोल्डर मंद, राखाडी, नव्याला चकाकी, आणि एकदा काढून परत लावलेलं असलं की त्यांना लगेच कळतं, बाजूच्या वायरीचं इन्सुलेशन जरा आक्रसलेलं असतं म्हणे. मलाही आता दिसायला लागलंय.

त्यानंतर दुकानाचं शटर अर्धं ओढून नोटा तपासायचा जांभळा दिवा लावतात. जुना नायट्रो लॅकर (जुन्या गिटारींवरचं पॉलिश) त्या दिव्याखाली हिरवट पिवळा उजळतो, आणि जिथं कुणी नंतर रंगाचा हात मारलाय, तुटलेलं चिकटवलंय, भोक बुजवलंय, तिथं डाग वेगळा दिसतो. फेंडरनं 1968 च्या सुमारास जाड पॉलिएस्टर फिनिश घ्यायला सुरुवात केली, त्याचं वागणं वेगळं, त्यामुळं प्रत्येक गिटारीला हा दिवा सारखंच सांगेल असं नाही. शेवटी मीटर लावून पिकअपचे ओहम मोजतात, तिन्ही पिकअपमध्ये एकाचाच आकडा फारच वेगळा आला की तो बदललेला किंवा परत गुंडाळलेला असण्याची शंका धरायची. मग तारा चढवून ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरतो का ते बघतात, आणि हे आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं, कारण खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर जो पाऊस असतो त्यात नेक हलते आणि मार्च-एप्रिलला फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची लाकडी पट्टी) सुकून फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येतात. रॉड पूर्ण आवळून संपलेला असला तर ती गिटार कितीही अस्सल असू दे, ते सांगतात भाव पाडा नाहीतर सोडा.

माझी गिटार: जपानी स्क्वायर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) स्ट्रॅट, ई नं सुरू होणारा सीरियल नंबर, म्हणजे 1984 ते 87 मधली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सत्तरीत जपानी कंपन्या अमेरिकन गिटारींच्या एवढ्या चांगल्या नकला करायला लागल्या की 1977 ला गिब्सनच्या मालक नॉर्लिननं इबानेझ या जपानी ब्रँडवाल्यांवर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला, आणि फेंडरनं 1982 ला जपानमध्येच कंपनी काढली, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात गिटारी बनायला लागल्या. सुरुवातीच्या जेव्ही सीरियलवाल्यांना आज जगभर मागणी आहे. आपल्यासारख्यांना 1960 च्या आधीची अमेरिकन स्ट्रॅट शक्यच नाही, तिला वीस लाखांच्या वर मोजावे लागतात, त्यामुळं विंटेज म्हणून हाताला लागण्यासारखी गिटार म्हणजे ही जपानी, असं माझं ठाम मत आहे. आणि ती तडजोड अजिबात नाही, नेक हातात घेऊन बघा.

विकणारा म्हापशाकडचा, वडील बँडमध्ये वाजवायचे, त्यांची गिटार. ऐंशी हजार म्हणाला, सगळं ओरिजिनल म्हणाला. माणूस खोटा नव्हता, वडिलांनी मध्ये काय काय केलं ते त्याला माहीतच नव्हतं. मी म्हटलं चोर्ला घाटातून मी येतो, नाहीतर तुम्ही बेळगावला या, पण गिटार आमच्या काकांसमोर उघडायची, आणि तो तयार झाला, उलट त्यालाच उत्सुकता. काकांनी तासभर घेतला. नेक खरी, बॉडी खरी, रंग मूळचा. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदललेला, जुन्या स्क्रूंची भोकं लाकडाच्या काड्या भरून बुजवलेली आणि बाजूला नवी पाडलेली. तिन्ही पिकअप नंतरचे, पॉट नंतरचे, सोल्डर चकचकीत. त्या पोराला सगळं भिंगातून दाखवलं, रागावून नाही, शाळेत दाखवतात तसं. बावन्न हजारात सौदा झाला आणि दोघांचंही समाधान झालं, त्यालाही कळलं की त्याच्याकडं नेमकं काय होतं.

कुणी म्हणेल मग घेतलीच कशाला. ज्यांना असं वाटतं त्यांनी क्लॅप्टनच्या ब्लॅकी नावाच्या गिटारीची गोष्ट ध्यानात घ्यावी. 1970 ला त्यानं नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून पन्नाशीतल्या बऱ्याच स्ट्रॅट एकदम उचलल्या, काही जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड, स्टीव्ह विनवूड यांना देऊन टाकल्या, आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून एक गिटार केली. संग्राहकाच्या भाषेत ती तुकड्यांची गिटार. वर्षानुवर्षं तो तीच वाजवत राहिला आणि 2004 ला लिलावात ती 9 लाख 59 हजार 500 डॉलरला गेली. अर्थात ते पैसे क्लॅप्टनच्या हाताचे, पण वाजवायच्या दृष्टीनं बदललेले भाग हा दोष नाही. दोष असतो तो बदललेल्या भागांच्या गिटारीला न बदललेलीचा भाव मोजणं. माझी स्क्वायर आता स्ट्रेंजरच्या छोट्या अ‍ॅम्पवर रोज वाजते, आणि ब्रिज पिकअपला जी धार आहे ती मूळ पिकअपला असती का कुणास ठाऊक, मला हाच आवाज पाहिजे.

आता अर्धा स्टार. काका लेखी काही देत नाहीत, बिल नाही, सर्टिफिकेट नाही, त्यामुळं पुढं विकताना तुमच्याकडं फक्त तुम्ही काढलेले फोटो. म्हणून खोलताना फोटो काढा, ते अडवत नाहीत. भाव किती द्यावा हेही ते सांगत नाहीत, फक्त काय मूळ आणि काय बदललेलं एवढंच, भाव तुमचा तुम्ही बघा. नवीन लोकांना हे अपुरं वाटेल, मला वाटतं हेच बरोबर आहे, कारण तपासणाऱ्याचा भावाशी संबंध नसला की त्याच्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वास बसतो, पण लेखी मात्र द्यायला पाहिजे, चार ओळी का असेना. फ्लॉइड रोज (तारा दोन्हीकडं आवळून धरणारा ट्रेमोलो) आणि अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या, सर्किटवाल्या गिटारी घेत नाहीत. जुनी गिटार रंगवून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणतात, कितीही पैसे देतो म्हणा. आणि वेळ लागतो, गडबडीत असाल तर जाऊ नका. तपासणीचे माझ्याकडून पाचशे घेतले, फ्रेट घासून आणि नट बदलून सेटअपचे वेगळे, आणि त्या मानानं काम फारच चांगलं.

काही जण विचारतात जपानमधून सरळ ऑनलाइन मागवावी का. वापरलेला माल बाहेरून आणायला वेगळे नियम आहेत, ड्युटी आहे, आधी कस्टम एजंटशी बोला. आणि फिंगरबोर्डचं लाकूड बघा. ब्राझीलचं रोझवुड 1992 पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. फेंडरनं साठच्या दशकाच्या मध्यानंतर ते सोडून भारतीय रोझवुड घेतलं, म्हणजे आपलं शिसव, जे इथं पश्चिम घाटात, खानापूरच्या पुढच्या जंगलातही वाढतं. 2017 ला त्याच्यावरही बंधनं आली, पण 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. कुणी ब्राझिलियन बोर्ड म्हणून जास्त पैसे मागत असेल तर काकांना दाखवा, दोन्हीचे तुकडे त्यांनी भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलेत, शेजारी धरून बघता येतं.

जायचं तर सकाळी अकरानंतर, सोमवारी बंद. गणपतीच्या आधीचा महिना टाळा. विकणाऱ्याला सोबत घेऊनच जा, त्याच्या मागं त्याची गिटार ते उघडत नाहीत. पावसाळ्यात केसवर प्लास्टिक टाका, शहापुरातल्या त्या गल्लीत गाडी जात नाही, नाथ पै सर्कलच्या बाजूला लावून चालत जावं लागतं.